कच्चे मडके आणि सखा पांडुरंग

श्रीसंत नामदेवरायांचे चरित्र ठाऊक नाही असा वारकरी सापडणे कठीण. गोणाईने नैवेद्याचे ताट हाती दिले आणि देव जेवेपर्यंत बाळ नाम्याने हट्ट सोडला नाही, ही कथा आपल्याकडे आजी नातवंडांना सांगत आली आहे. पण या चरित्रात एक प्रसंग असा आहे, की तो ऐकून आपण घटकाभर हसतो आणि पुढच्या कथेकडे वळतो. मर्म मागेच राहते. आज त्या प्रसंगाचा थोडा विचार सज्जनांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२ (इ. स. १२७०) मधला, कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. व्यवसाय शिंप्याचा, घराण्याचे मूळ नरसी गावचे, आणि वास्तव्य पंढरीत. पुढे राजाईशी लग्न झाले, मुलेबाळे झाली, जनाबाई घरात होतीच. प्रपंच ओढगस्तीचा, पण नामदेवांचे चित्त राऊळात. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो, अशी ख्याती चहूकडे झालेली. अशा भक्ताला स्वतःविषयी शंका ती काय असणार? पण ती आली, आणि भर संतसभेत आली.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव, मुक्ताई, सारे होते. मुक्ताईची दृष्टी कुंभाराच्या थापटण्यावर गेली. हे कशाचे साधन म्हणून तिने विचारले. मडके कच्चे की भाजलेले ते याने कळते, असे काका म्हणाले. मग माणसांची मडकीही पारखून पाहा, असे त्या लेकीने सुचविले. झाले! काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकीत निघाले. कोणी हूं की चूं केले नाही. नामदेवांची पाळी आली मात्र, ते रागावले, अंग चोरू लागले. काकांनी निर्वाळा दिला, की एवढे मडके कच्चे आहे.

आता पाहा बरे, ज्याच्याशी देव बोलतो त्याला चारचौघांत कच्चा ठरविले! नामदेवांना आधी अपमान वाटला असेल, यात नवल नाही. पण नुसता अपमान असता तर माणूस भांडून मोकळा होतो. नामदेव भांडत बसले नाहीत, ते तडक पंढरीला निघाले. यावरून आम्हांस असे वाटते, की थापटण्याचा घाव डोक्यावर बसला तरी तो लागला आत. हे खरे असेल तर? आजवरची आपली भक्ती कच्चीच असेल तर? हा किडा एकदा शिरला की माणसाला जेवण गोड लागत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? शंका झाकतो. कीर्तनाच्या गादीवर उभे राहणाऱ्यांना हे विशेष ठाऊक. लोक पाया पडतात, हार घालतात, आणि आत कोणीतरी विचारीत असते, की बाबा, तू जे सांगतोस ते तुला कळले आहे काय? आमच्याकडे तरुण कीर्तनकार येतात. चालीविषयी विचारतात, पाठांतराविषयी विचारतात. खरे विचारायचे ते ओठांवर येते आणि परत जाते. उठताना नमस्कार करतात तेव्हा डोळ्यांत ते दिसते. झाकलेली शंका बुजत नाही. ओल्या भिंतीला चुना लावावा तशी गत होते, वरून पांढरे आणि आतून पोपडे.

नामदेवांनी झाकले नाही. राऊळात गेले, विटेवरच्या सख्यापुढे उभे राहिले, आणि झाले ते सारे सांगितले. रडले, रुसले, तक्रार केली. लहान पोराने शाळेतून येऊन आईला सांगावे तसे सांगितले. संत असे वागले, गोरोबा असे बोलले. तक्रार सांगता सांगता तिच्या तळाशी असलेला प्रश्न वर आला, की देवा, मी खरोखर कच्चा आहे काय?

श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली आहे. तिचा क्रम ध्यानी घ्यावा. आठवी भक्ती सख्य आणि नववी आत्मनिवेदन. निवेदन या शब्दात अर्पण करणे आहे, तसे सांगणेही आहे. आधी सखा आणि मग निवेदन, हा क्रम उगाच नव्हे. ज्याच्यापुढे लाज धरावी लागत नाही, त्याच्यापुढेच माणूस स्वतःला पुरते उघडे करतो. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले आणि मनातला गोंधळ सांगितला तोही सख्यालाच.

आता पुढचा भाग फार मोलाचा आहे. पांडुरंगाने काय केले? डोळे पुसून, तू पक्का आहेस, ते संत मत्सरी आहेत, असे म्हटले असते तर नामदेव सुखाने घरी जाऊन झोपले असते. देवाने तसे केले नाही. गोरोबा बोलले ते खरे आहे, असे त्याने सांगितले आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जाण्यास आज्ञा केली. जो खोटे बरे वाटू देतो तो सोबती, आणि खरे सांगून वाटही दाखवितो तो सखा.

येथे कोणी शंका घेईल, की देव प्रत्यक्ष सखा असता दुसऱ्याकडे का धाडले? स्वतःच उपदेश करता आला नसता काय? तर नामदेवांचे कच्चेपण नेमके येथेच होते. त्यांचा देव विटेवर होता आणि विटेपुरता होता. तो उणेपणा त्याच रूपाच्या मुखाने कसा जावा? ऐकणारा त्या रूपालाच अधिक घट्ट धरून बसता. म्हणून सख्याने स्वतःकडून दूर धाडले. प्रेम करणाऱ्याला हे फार जड जाते.

नामदेव पायी औंढ्याला पोचले. पाहतात तो देवळात एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला! नामदेवांनी दोष दिला. म्हाताऱ्याने सांगितले, की बाबा, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवू जात तिकडे लिंग प्रकट होई. मग उमगले. देव नाही अशी जागाच नाही.

मडके भाजले गेले. याची खूण परंपरेने एका साध्या कथेत राखली आहे. कुत्रे भाकरी घेऊन पळाले, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की कोरडी खाऊ नये. विटेवरचा सखा आता कुत्र्यातही भेटू लागला होता.

पुढे शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव तेथे होते. एवढा सखा गेला, तरी ते खचून बसले नाहीत. भागवत धर्म घेऊन उत्तरेस पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि घुमान गावी त्यांचे स्मरण अजून जागते आहे. मराठी साहित्य संमेलन २०१५ साली तेथे भरले ते त्याच ऋणाने. मंगळवेढ्यास शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये गावकूस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणणारे नामदेवच, असे परंपरा सांगते. ज्याला सखा लाभला तो दुसऱ्यांचा सखा झाला. विटेपुरता देव धरून जो घरी बसला असता, त्याच्या हातून हे घडते ना.

शके १२७२ (इ. स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस महाद्वारी त्यांनी देह ठेवला. संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरीची जागा मागून घेतली. थापटणे डोक्यावर पडले म्हणून जो एकदा रागावला होता, त्यानेच साऱ्या वारकऱ्यांचे पाय डोक्यावर घेण्याचे ठरविले. मडके पक्के झाल्याची याहून मोठी साक्ष कोणती?

तेव्हा मायबापहो, आषाढीला त्या पायरीवर माथा टेकाल तेव्हा एवढे मनात आणा. आपल्याही आत कोठेतरी मडके कच्चे वाजत असेल. ते लपवू नका. पांडुरंगाला सांगा, आणि दिंडीतल्या एखाद्या जुन्या, विश्वासाच्या माळकऱ्याला सांगा. तो उगाच गोड बोलला तर दुसरा शोधा. पण त्याने औंढ्याची वाट दाखविली, तर पायांकडे पाहत बसू नका, चालू लागा.