पाळवणकर बाळू

सुगी आटोपून राने मोकळी झाली म्हणजे आमच्या आष्टी तालुक्यात गावोगाव मुले क्रिकेट खेळताना दिसतात. आजच्या खेळाडूंची नावे त्यांच्या तोंडी असतात. परंतु ह्या देशातील पहिल्या थोर गोलंदाजाचे नाव त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक आहे. ह्यास्तव पाळवणकर बाळू ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते ख्रिस्ती नव्हते, हे आरंभीच सांगतो. तथापि त्यांनी जे सोसले ते आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घराण्यांस परके नाही.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार कुळात झाला. घराणे मूळचे कोकणातील पाळवणचे. वडील लष्करात चाकरीस असून कुटुंब पुढे पुण्यास राहू लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या सामानावर बाळू व धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व रूळ फिरविणे हे काम, वेतन दरमहा ३ रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात असा तयार झाला की, ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज मुद्दाम लवकर येऊन त्यांच्यापुढे उभे राहत. मात्र बाळूंच्या हाती फळी देण्याचे कोणा साहेबाच्या मनात आले नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांस हरविण्याची इच्छा झाली, तेव्हा ह्या अस्पृश्य तरुणावाचून ते घडणार नाही हे ध्यानी आले. काही सभासदांच्या विरोधानंतर त्यांस संघात घेतले. मैदानावर सर्व जण एकच चेंडू हाताळीत; चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत जात व बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही निराळे. अशा निराळ्या भांड्याची गोष्ट आमच्या वृद्ध वाचकांस समजावून सांगावी लागणार नाही. पण प्रभुभोजनाच्या एकाच मेजापाशी येणारे आपण लग्नाच्या पंगतीत मात्र पूर्वीची जात पाहून बसतो, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. म्हणून पुण्याच्या त्या क्लबास नावे ठेवताना आमची जीभ जरा अडखळते.

बाळू मुंबईस जाऊन रेल्वेत नोकरीस लागले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदू, मुसलमान व पारशी खेळाडूंचा संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस मिळाले नाही. आमच्या मते हा अन्याय मातीच्या भांड्याहून मोठा होता. कारण हात चालतो पण हुकूम चालत नाही, असाच त्याचा अर्थ होता. १९२० साली ह्याच प्रश्नावरून शिवराम व विठ्ठल ह्या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरविले तेव्हा लोकांनी त्यांस खांद्यावर घेऊन मिरविले.

तरुणपणी डॉ. आंबेडकरांस बाळूंचा मोठा अभिमान वाटे. पुढे राजकारणात दोघांचे मार्ग भिन्न झाले. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ नको असे बाळूंचे मत होते, आणि १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंस डॉ. आंबेडकरांविरुद्धच उभे केले व ते पडले. त्यांनी ती उमेदवारी स्वीकारली नसती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, ते पाहावयास बाळू हयात होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.