नफ्याआधीची जबाबदारी

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव घेताच जमशेदपूरचा पोलाद कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः तो पाहण्यास ते हयात नव्हते. त्यांच्या उद्योगनीतीची पहिली मोठी कसोटी लागली ती आपल्या विदर्भात.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीस जन्मलेल्या जमशेटजींनी गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूर निवडले. कारण कापूस येथे पिकत होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगार वारंवार गैरहजर राहत. केवळ दंडाचा बडगा उगारण्याऐवजी त्यांनी हवा खेळती व दमट ठेवणारी यंत्रे बसविली, १८८६ साली निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ साली अपघात-भरपाई सुरू केली. देशात अशा भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. यात स्वार्थ नव्हता असे नव्हे. परंतु माणसाचा खर्च नफा मोजण्यापूर्वीच हिशेबात धरला गेला, हे महत्त्वाचे.

मुंबईच्या गिरण्या कोळशाचा धूर ओकत असताना सह्याद्रीच्या पावसापासून वीज निर्माण करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले. मात्र याच योजनांचा पुढचा टप्पा मुळशीत पोहोचला, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. शहराचा धूर कमी करण्याची किंमत मावळच्या शेतकऱ्याने मोजली. संस्थापकाचा सद्हेतू वारशाने मिळत नाही, हाच त्याचा अर्थ.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. ही तरतूद स्वागतार्हच होय. परंतु ती नफा मोजून झाल्यानंतरची आहे. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या परिसरात चुनखडी व कोळसा आहे, सिमेंटचा उद्योग आहे. अशा ठिकाणी शाळेला दिलेले बाक मोजणे सोपे. पिकावर बसणारी धूळ, खोल जाणारे विहिरीचे पाणी आणि खाणीमागे उरणारा खड्डा यांचा खर्च ताळेबंदात कोणत्या बाजूस मांडला, हे विचारणे अवघड. तो उत्पादनखर्चातच धरला गेला पाहिजे. नफ्यातून दिलेले दान हे औदार्य. नफ्याआधी चुकविलेले देणे हीच जबाबदारी.