विश्लेषण : जाळे लावणाऱ्या अळ्या नदी कशी जगवतात? फ्रित्झ म्युलर यांनी काय पाहिले?

नदीतल्या दगडावर एक इवलीशी अळी प्रवाहाकडे तोंड करून रेशमी जाळे लावते आणि वाहत येणारे अन्न पकडते. ब्राझीलमध्ये या अळ्यांचे बारकाईने वर्णन करणाऱ्या निसर्गअभ्यासकाने पुढे नदीकाठ सोडण्यापेक्षा नोकरी गमावणे पत्करले.

म्युलर कोण होते?

त्यांचा जन्म ३१ मार्च १८२२ रोजी जर्मनीत एर्फुर्टजवळ झाला. वैद्यकीय शिक्षण घेतले. पण शपथेत देवाचे नाव घ्यायला नकार दिल्याने डॉक्टरकी हुकली. १८५२ मध्ये ते कुटुंबासह दक्षिण ब्राझीलमधील ब्लुमेनाऊ वसाहतीत गेले आणि जंगल तोडून शेती करू लागले. १८६४ मध्ये कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातील प्राण्यांवर पुस्तक लिहून त्यांनी डार्विन यांच्या सिद्धान्ताला पुरावे दिले. दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला.

ओढ्यात काय आढळले?

इताजाई नदीच्या खोऱ्यात त्यांनी कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या अभ्यासल्या. काही अळ्या वाळू किंवा पानांचे घर अंगावर वागवत फिरतात. काही मात्र दगडावरच घर पक्के करतात. त्याच्या दाराशी नरसाळ्यासारखी पडवी आणि तिच्यात बारीक जाळे. ही पडवी प्रवाहाच्या दिशेने उघडी असते.

नदीला काय फायदा?

पानांचा चुरा, शेवाळाचे कण पाण्याबरोबर वाहून जातात. गाळून खाणाऱ्या अळ्या ते वाटेतच अडवतात. त्यांची विष्ठा तळातील इतर जिवांचे अन्न होते, तर अळ्या माशांच्या पोटात जातात. ब्लॅक फ्लायच्या अळ्या हेच काम डोक्यावरील पंख्यांनी करतात. कॅडिसफ्लायच्या रेशमाने तळाची खडी बांधली जाते, ती सहजी हलत नाही, असे नंतरच्या संशोधनात दिसले. मात्र यासाठी पाणी वाहते हवे. धरणामागे प्रवाह थांबला, की जाळे निकामी होते.

नोकरी का गेली?

१८७६ पासून म्युलर रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे फिरते निसर्गअभ्यासक होते. पुढे रिओलाच येऊन राहण्याचा आदेश निघाला. त्यांनी तो मानला नाही आणि १८९१ मध्ये, उतारवयात, त्यांचे पद गेले. ब्लुमेनाऊतच राहून त्यांनी अभ्यास सुरू ठेवला. २१ मे १८९७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.