पाईकच्या दातांना पुरून उरलेला लाकडी मासा : लॉरी रापाला

गळाने मासे पकडणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. महागाचं कृत्रिम आमिष, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, टाकावं एका माशासाठी आणि त्याच्या चिंध्या कराव्यात दुसऱ्याच दातेरी माशाने. कोकणातल्या खाडीत जिताड्यासाठी सोडलेल्या रबरी आमिषाचं शेपूट केंड मासा तोडून नेतो. युरोपातल्या गोड्या पाण्यात हेच काम पाईक करतो. मग असे मासे आसपास असताना आमिष कशाचं वापरावं?

टिकाऊ हवं तर धातूचं घ्या, हे सोपं उत्तर. पण जड आमिष संथ पाण्यात माशासारखं पोहत नाही. जे छान पोहतं ते हलकं असतं, आणि जे हलकं ते दातांपुढे टिकत नाही. हा पेच ज्याने सोडवला तो फिनलंडमधला एक गरीब मच्छीमार होता. त्याचं नाव लॉरी रापाला. आज जगभरातल्या मासेमारीच्या दुकानांत हे नाव डब्यांवर छापलेलं दिसतं.

आडनाव मिळालं चुकून

लॉरी यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९०५ रोजी फिनलंडमधल्या सूस्मा इथला. जन्माच्या वेळी त्यांचं आडनाव सारिनेन होतं. ते सात वर्षांचे असताना आई मारी त्यांना घेऊन दक्षिणेकडच्या आसिक्काला भागात आली. तिथल्या चर्चच्या दप्तरात नोंद करताना पाद्र्यांना मायलेकरांचं आडनाव आठवेना. त्यांनी आडनावाच्या जागी मायलेकरं ज्या गावाहून आली होती त्या गावाचं नाव लिहून टाकलं : रापाला. पुढे हेच नाव जगप्रसिद्ध झालं.

मोठं झाल्यावर लॉरी पडेल ते काम करू लागले. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, कधी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी, आणि बर्फ वितळला की मासेमारी. एल्माशी लग्न झालं, सात मुलं झाली. घरात खाणारी तोंडं वाढत होती आणि १९३० च्या दशकात हाताला काम मिळणं अवघड होतं. शेजारीच पाइयान्ने हा विस्तीर्ण तलाव होता. उत्तर-दक्षिण सुमारे १२० किलोमीटर पसरलेला हा तलाव फिनलंडमधला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा तलाव आहे. रापाला कुटुंबाची चूल त्यावरच पेटायची.

हजार गळ आणि एक निरीक्षण

लॉरी यांची मासेमारी हौसेची नव्हती. लांबच लांब दोरीला शेकडो, कधी हजारभर गळ बांधायचे, प्रत्येक गळाला छोटा मासा लावायचा, वल्ही मारत ती दोरी पाण्यात सोडायची आणि मग पुन्हा फिरून मासे काढायचे. मासा लागो न लागो, आमिषाचे छोटे मासे रोज नव्याने गोळा करावे लागत. दिवसाचा मोठा भाग त्यातच जाई.

होडी वल्हवताना ते पाण्यात बघत राहायचे. पाईक किंवा ट्राउटसारखा शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यावर धावून जातो, तेव्हा बहुतेक वेळा तो एकाच माशाला हेरतो. तो मासा जखमी किंवा आजारी असतो, एका बाजूला कलून, डळमळत पोहत असतो. सहज मिळणारं भक्ष्य सोडून धडधाकट माशामागे धावण्यात शिकाऱ्याला फायदा नसतो. लॉरी यांच्या मनात आलं, असा डळमळणारा मासा लाकडातून घडवता आला तर रोज आमिष गोळा करण्याचा त्रास वाचेल.

त्या काळी कृत्रिम आमिषं नव्हती असं नाही. चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं १९ व्या शतकापासून मिळत होती, आणि दातांनी त्यांचं फारसं बिघडत नसे. पण वल्ह्यांच्या होडीच्या संथ वेगात, पृष्ठभागाजवळ, घायाळ माशासारखं डळमळत जाणं जड धातूला जमत नाही. लॉरी यांना हवी होती नेमकी तीच चाल.

रापी, चॉकलेटची चांदी आणि फोटोच्या निगेटिव्ह

१९३६ मध्ये लॉरी यांनी पहिलं जमलेलं आमिष तयार केलं. बुचाच्या लाकडाचा तुकडा घेतला आणि मोच्याच्या रापीने त्याला माशाचा आकार दिला. खवल्यांची चमक यावी म्हणून चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी त्यावर गुंडाळली. मग फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा पारदर्शक थर वरून चढवला.

या शेवटच्या थराचं महत्त्व पाईकचं तोंड पाहिल्यावर कळतं. पाईकचा जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा असतो आणि त्यात शेकडो दात असतात. खालच्या जबड्यातले सुळे भक्ष्य धरतात, तर टाळूवरचे बारीक दात मागे वळलेले असल्याने आत गेलेलं सहसा सुटत नाही. अशा तोंडात नुसतं बूच गेलं तर दात खोल रुततात, भेगांतून पाणी शिरतं, आमिष एका बाजूला जड होतं आणि त्याची चाल बिघडते. फिल्मचा कडक थर हे दात वरच्यावर अडवत होता आणि पाणीही बाहेर ठेवत होता.

थोडक्यात, लॉरी यांनी मजबुती आमिषाच्या कातडीला दिली आणि अंग हलकंच ठेवलं. आमिषाच्या तोंडाशी असलेली छोटी पट्टी ओढताना पाणी कापते आणि नाक खाली दाबते. हलकं अंग वर यायला बघतं. या ओढाताणीत आमिष दोन्ही बाजूंना डळमळतं. अंग जड केलं असतं तर हीच डळमळ मंदावली असती.

बुचापासून बाल्सापर्यंत

बूच नेहमी मिळायचं नाही, म्हणून लॉरी पाइनच्या झाडाची सालही वापरू लागले. मग दुसरं महायुद्ध आलं. फिनलंड सोव्हिएत रशियाशी लढला आणि लॉरी यांनाही सैन्यात जावं लागलं. युद्धानंतर मुलं हाताशी आली. रेइयो, रिस्टो आणि एन्सिओ हे मुलगे वडिलांबरोबर आमिषं घडवू लागले. पुढे बाल्सा हे लाकूड त्यांच्या हाती आलं.

बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याचं लाकूड इतकं हलकं की खेळण्यातली विमानं त्यापासून बनवतात. पण ते नखानेही दबतं. म्हणून रापाला यांच्या बाल्साच्या आमिषांत पोटातून, तोंडापासून शेपटीपर्यंत तार जाते आणि गळ त्या तारेला अडकवलेले असतात. पाईकने लाकूड फोडलं तरी गळ आणि दोरी यांचा सांधा सुटत नाही. बाहेर लाखेसारखे कडक थर, आत तार आणि मध्ये मऊ, हलकं लाकूड अशी ही रचना ठरली. प्रत्येक आमिष पाण्याच्या टाकीत ओढून बघायचं आणि चाल चुकली तर हाताने दुरुस्त करायची, ही शिस्तही लॉरी यांनी घालून दिली.

मेरिलिन मन्रोचा अंक

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निमित्ताने परदेशी पाहुणे फिनलंडमध्ये आले आणि काही आमिषं त्यांच्याबरोबर बाहेर गेली. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे विक्रेते रॉन वेबर यांच्या हाती असं एक आमिष लागलं. त्यांनी रे ऑस्ट्रम यांच्यासोबत ते अमेरिकेत आणायला सुरुवात केली.

ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात या आमिषावर लेख आला. योगायोग असा की नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचं छायाचित्र मुखपृष्ठावर असलेला तोच अंक होता. अंक घरोघर पोहोचला आणि मागणी लाखोंच्या घरात गेली. घरच्या घरी घडवून ती पुरी होणं शक्य नव्हतं, मोठे कारखाने उभारावे लागले. त्या टंचाईत अमेरिकेतले काही दुकानदार अनामत रक्कम घेऊन ही आमिषं भाड्याने देत, असं सांगितलं जातं. म्हणजे पाईकने दोरी तोडली की अनामतही बुडाली!

दातेरी मासे असतील तर

लॉरी यांच्या रचनेतून आजही निवड करता येते. दातेरी मासे सारखे झडप घालत असतील तर मऊ रबरी आमिषं बाजूला ठेवावीत, ती एका चाव्यात फाटतात. मासे वेगवान आमिषालाही भुलत असतील तर धातूचा चमचा सगळ्यांत टिकाऊ. संथ, डळमळती चाल हवी असेल तर पोटातून तार गेलेलं लाकडी किंवा कडक प्लास्टिकचं आमिष घ्यावं. दोरी आणि आमिष यांच्यामध्ये पोलादी तारेचा छोटा तुकडा लावला की दोरी कापली जात नाही. मात्र जाड तार छोट्या आमिषाची चाल मारते.

प्रत्येक झटापटीनंतर आमिषावर नख फिरवून बघावं. थराला भेग पडली असेल तर ते पूर्ण वाळवून भेग नेलपॉलिश किंवा इपॉक्सीने बुजवावी. आमिष एका बाजूला ओढत असेल तर दोरी बांधायची नाकातली कडी दुसऱ्या बाजूला किंचित वाकवावी.

२० ऑक्टोबर १९७४ रोजी लॉरी रापाला यांचं निधन झालं. तोवर त्यांची आमिषं अनेक देशांत पोहोचली होती आणि पुढचं काम मुलांनी हाती घेतलं. नंतर कंपनीने प्लास्टिकची आणि समुद्रातल्या ताकदवान माशांसाठी कठीण लाकडाची आमिषंही बनवली. तरी १९३६ च्या त्या बुचाच्या माशाच्या वंशातलं बाल्साचं मूळ आमिष अजूनही विकलं जातं. पाईकच्या दातांचे ओरखडे पडले तरी ते पाण्यात डळमळत राहतं, आणि जखमी दिसत असल्यामुळेच पुढचा मासा त्याच्यावर झडप घालतो.