जंतुशास्त्रज्ञ हाफकिन

इ. स. १८९६ चा पावसाळा सरत आला होता. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या चाळी यांच्यामध्ये, एक भयंकर रोग प्रकट झाला. रोग्यास एकाएकी सणसणून ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि बहुधा थोड्याच दिवसांत त्याचा शेवट होई. डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी सप्टेंबर महिन्यात हा रोग ओळखला. तो प्लेग होता. पाहता पाहता शहरात हाहाकार उडाला. माणसे बिऱ्हाडे मोडून आपापल्या गावांची वाट धरू लागली. ज्या शहरातून सारे बाहेर पडत होते, त्याच शहरात ऑक्टोबरच्या आरंभी एक परदेशी गृहस्थ येऊन दाखल झाले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

आज युक्रेन देशात असलेले ओडेसा हे बंदर त्या काळी रशियन साम्राज्यात होते. तेथे १५ मार्च १८६० रोजी एका यहुदी कुटुंबात हाफकिन यांचा जन्म झाला. ओडेसाच्या विद्यापीठात प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळी रशियात यहुद्यांच्या वस्त्यांवर दंगलखोरांचे हल्ले होत. आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले आणि त्यापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला. मेचनिकॉफ यांनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळेल, असे त्यांना सुचविण्यात आले. परंतु पोटासाठी धर्म सोडणे त्यांच्या मनास मानवले नाही. १८८८ साली त्यांनी मायभूमी सोडली.

प्रथम जिनिव्हा आणि तेथून १८८९ मध्ये पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच उभी राहिली होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चर यांनी १८८५ साली लस टोचून यश मिळविले होते. त्या रोगाचे विषाणू इतके सूक्ष्म की त्या वेळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही ते दिसत नसत. तरीही त्यावर उपाय सापडला होता. अशा संस्थेत प्रवेश मिळावा, ही हाफकिन यांची उत्कट इच्छा होती. परंतु तेथे रिकामी होती ती केवळ साहाय्यक ग्रंथपालाची जागा. त्यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा ते पुस्तके सांभाळीत आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करीत.

त्या काळी पटकीच्या साथी देशोदेशी थैमान घालीत असत. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञांनी काही वर्षांपूर्वीच ओळखून दाखविला होता. हाफकिन यांनी विचार केला, की या जंतूंचा जोर कमी करून ते थोड्या प्रमाणात शरीरात सोडले, तर शरीर त्यांच्याशी झुंजण्यास शिकेल. पुढे खरा शत्रू आला, तर ते आधीच सज्ज असेल. प्राण्यांवर प्रयोग सफल झाले. पण माणसाचे काय? जुलै १८९२ मध्ये हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि थोड्या दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांना ती टोचली.

पटकीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या भारतात या लशीची खरी कसोटी लागणार होती. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. एक परका मनुष्य रोगाचेच जंतू अंगात घालू पाहतो, हे लोकांना कसे रुचावे? शिवाय हाफकिन यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. त्यामुळे अनेक सरकारी डॉक्टरही त्यांच्याकडे संशयाने पाहत. ते मात्र खचले नाहीत. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांतून ते हिंडले. एका वस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढे त्या वस्तीत पटकी आली, तेव्हा ती न टोचलेल्यांतच आढळली. हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला.

असा हा मनुष्य प्लेगशी सामना देण्यासाठी मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व लगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम चालविले.

जंतू हा एका पेशीचा जीव असतो. तोही अन्न घेतो, वाढतो, एकाचे दोन आणि दोनाचे चार होतो आणि नको असलेली द्रव्ये बाहेर टाकतो. लस करावयाची, तर आधी जंतूंना पोसावे लागते. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाला धरून प्लेगचे जंतू वाढू लागले आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबू लागले. भांडे हलविले की त्या पारंब्या तळाशी पडत आणि वर नवे पीक येई. काही आठवड्यांनी तो रस तापवून सर्व जंतू मारण्यात येत. मेलेला जंतू रोग निर्माण करू शकत नाही. पण त्याची ओळख पटून शरीर प्रतिकारासाठी तयार होते. हेच या लशीचे मर्म होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. इतरांना पुढे जेवढी मात्रा दिली गेली, तिच्याहून त्यांची मात्रा कितीतरी मोठी होती. कडक ताप आला, परंतु ते आपले काम करीतच राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपखुशीने पुढे आले, त्यांना लस टोचण्यात आली. न टोचलेल्या कैद्यांत त्यानंतर रोगाने अधिक बळी घेतले. लस रोगाला पूर्णपणे रोखू शकत नव्हती, परंतु तिने धोका पुष्कळच कमी होत होता. प्लेगच्या निमित्ताने सरकारने घरोघर चालविलेल्या झडत्यांमुळे तेव्हा लोक संतापले होते. लस मात्र सक्तीची नव्हती. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनेक अनुयायीही निर्भयपणे पुढे आले. लशीची मागणी वाढली आणि १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली.

कीर्ती शिखरावर असतानाच त्यांच्यावर घोर संकट कोसळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. काही दिवसांतच त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले होते, हे उघड होते. पण ते केव्हा गेले? चौकशी करणाऱ्यांनी दोष मुंबईच्या प्रयोगशाळेला दिला. लस करताना हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी रीत बदलली होती, हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्याने सहस्रावधी जीव वाचविले, त्याच्या माथी एकोणीस जणांच्या मृत्यूचा कलंक आला.

हाफकिन यांनी कोणावर आगपाखड केली नाही. त्यांनी पुराव्याचा आश्रय घेतला. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे साक्षींत नमूद होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली काही आठवड्यांपूर्वी बंद केलेली होती. तिच्यात जिवंत जंतू आधीपासून असते, तर तेवढ्या काळात ते पोसले जाऊन वाढले असते, त्यांनी दुर्गंध सोडला असता आणि साठलेल्या विषाने रोग झपाट्याने प्रकट झाला असता. परंतु बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंध नव्हता आणि रोगही टोचल्यानंतर काही दिवसांनी दिसू लागला. याचा अर्थ जंतू मुलकोवाल येथेच आत शिरले होते. ज्या जंतूंनी हाफकिन यांच्यावर बालंट आणले, त्यांच्याच जीवनक्रमाने त्यांच्या निर्दोषपणाची साक्ष दिली!

तरीही न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञ १९०७ साली त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. अखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केले. हाफकिन पुन्हा भारतात आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी कलकत्त्यास संशोधन केले. परंतु पूर्वीसारखे मोठे कार्य करण्याची संधी त्यांना पुन्हा लाभली नाही.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामी लागली, याचे त्यांना समाधान वाटे. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पुढे प्लेगवर प्रभावी औषधे निघाली आणि त्या रोगाची पूर्वीची दहशत ओसरली. परंतु जो धोका इतरांना पत्करावयास सांगायचा, तो आधी स्वतः पत्करायचा, आणि खोटा आळ आला तरी सत्याची कास सोडायची नाही, हा हाफकिन यांनी घालून दिलेला धडा कधीही जुना होणार नाही.