शिकाऊ नर्सचे गुण किती खरे? फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट

तुमच्या आईला सलाईन लावायला शिकाऊ नर्स आली की मनात येतेच, हिला जमेल ना? ती चाचण्या पास झालेली असते. पण त्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा? बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. हा प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० चा. क्रिमियाच्या युद्धातील त्यांची सेवा तुम्हाला माहीत असेल. त्या आकडेवारीतही तरबेज होत्या. १८६० मध्ये त्यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. प्रत्येक मुलीचा दरमहा तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, स्वच्छता, मलमपट्टी अशा रकान्यांत उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य असा शेरा. तो देत मेट्रन वॉर्ड्रोपर, एकट्याच.

अडचण इथेच होती. एकाच रुग्णाचा ताप पाच मिनिटांत दोनदा मोजला आणि आकडे फार वेगळे आले, तर तुम्ही थर्मामीटरवरच शंका घ्याल. गुणांचेही तसेच. दुसऱ्या परीक्षकाने, दुसऱ्या दिवशी साधारण तेवढेच दिले, तर ते भरवशाचे.

आजारपणामुळे फ्लोरेन्सबाई बराच काळ घरातच असत. १८७२ च्या सुमारास त्यांनी शाळेत बारकाईने लक्ष घातले, तेव्हा शिकवण्याची जबाबदारी असलेले डॉक्टर फारसे शिकवतच नाहीत असे दिसले. त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आले. बाई मुलींच्या रोजनिशा वाचू लागल्या, त्यांना घरी बोलावून स्वतःची टिपणे ठेवू लागल्या. म्हणजे तक्त्याला दुसरी नजर मिळाली.

१८८७ नंतर नर्सची परीक्षा घेऊन सरकारमान्य नोंदणी करावी, अशी मागणी इंग्लंडमध्ये झाली. फ्लोरेन्सबाईंनी कडाडून विरोध केला. खाटेपाशी लागणारा स्वभाव कागदावर तपासता येत नाही, असे त्यांचे मत होते. मला ते अर्धेच पटते. नोंदणी नसेल तर कुणीही नर्स म्हणवून घेईल, आणि भोगावे लागेल रुग्णाला. त्या १९१० मध्ये वारल्या. नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला.

हल्ली काही प्रात्यक्षिक परीक्षांत विद्यार्थी एकेका टेबलापाशी जातो, दर टेबलावर परीक्षक वेगळा आणि हातात ठरलेली यादी. तरीही वॉर्डात शिकाऊ नर्ससोबत नोंदणीकृत नर्स असायला हवी. कोण आहे, हे तुम्ही विचारू शकता. त्यात संकोच नको. शिकणाऱ्या मुलीलाही त्याने धीरच येतो.