अडखळत्या माणसाची शब्दशिडी

शाळेत हजेरी घेताना आमचे वर्गशिक्षक प्रत्येकाला ‘प्रेझेंट सर’ म्हणायला लावत. त्या ‘प्र’पाशी माझे ओठ मिटत ते उघडतच नसत. वर्ग हसे. ‘येस सर’ मला सहज म्हणता आले असते, पण तशी सोय नव्हती. ज्याची जीभ अडखळते तो दिवसभर शब्द शोधत असतो. ‘पाणी’ अडले की तो ‘तहान लागली’ म्हणतो, ‘परवा’ अडले की ‘दोन दिवसांनी’ म्हणतो. अर्थ तोच, अक्षर मात्र वेगळे हवे. हा शोध क्षणात उरकावा लागतो आणि समोरच्याला तो कळताही कामा नये.

पुढे नोकरीत असताना मला इंग्रजी शब्दकोड्यांचा नाद लागला. इतक्या अक्षरांचा, अमुक अक्षर असलेला शब्द शोधा, हा त्यांचा गाभा. म्हणजे मी लहानपणापासून जे करत होतो तेच, फक्त इथे कुणी हसत नव्हते! आणि अशा कोड्यांचा एक मोठा शौकीन स्वतःही अडखळत बोलत असे, हे कळल्यावर त्याच्याविषयी वाचल्यावाचून राहवेना.

तो म्हणजे लुइस कॅरल. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चा लेखक म्हणून जग त्याला ओळखते. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या ‘जाईची नवलकहाणी’मुळे त्याची अ‍ॅलिस मराठी मुलांना भेटली. त्याचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. जन्म 27 जानेवारी 1832 चा, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या डेअर्सबरी गावचा. वडील पाद्री, घरात अकरा भावंडे. मुलांमध्ये हा थोरला. त्यामुळे भावंडांना रिझवण्याचे काम याच्याकडे आले. घरातल्या घरात तो हाताने लिहून मासिके काढी. त्यांतल्या एकाचे नाव होते ‘मिशमॅश’, म्हणजे आपल्या भाषेत खिचडी. टोपणनावही त्याने शब्दांशी खेळूनच घडवले. ‘चार्ल्स लटविज’चे लॅटिन रूप केले, त्या दोन शब्दांची उलटापालट केली आणि पुन्हा इंग्रजीत आणले. 1856 साली त्यातून लुइस कॅरल जन्माला आला.

ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात तो 1855 ते 1881 गणित शिकवत होता आणि मरेपर्यंत त्याच कॉलेजात राहिला. उजव्या कानाने नीट ऐकू येत नसे आणि बोलताना वाणी अडे. जेम्स हंट नावाच्या त्या काळच्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडेही तो जाऊन आला. 1861 मध्ये त्याने धर्मसेवेची पहिली दीक्षा घेतली, पण पुढची पायरी चढला नाही. याच्या कारणांत अभ्यासक त्याच्या वाणीचाही उल्लेख करतात. व्यासपीठावर उभे राहून आपला शब्द कधी अडेल ही धास्ती काय असते, हे मला कुणी सांगायला नको. तरीही उतारवयापर्यंत तो अधूनमधून प्रवचने देत राहिला, ही गोष्ट मला ‘अ‍ॅलिस’इतकीच मोठी वाटते.

कॉलेजचे प्रमुख हेन्री लिडेल हे प्रसिद्ध ग्रीक-इंग्रजी शब्दकोशाचे एक कर्ते. त्यांच्याच मुलींना 4 जुलै 1862 रोजी नावेतून नेताना अ‍ॅलिसची गोष्ट सुचली. 1865 साली तिचे पुस्तक झाले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या शब्दखेळांकडे मात्र फारसे कुणी वळत नाही.

1877 च्या नाताळात दोन मुली त्याच्याकडे काहीतरी खेळ मागू लागल्या. त्यांच्यासाठी त्याने ‘डब्लेट्स’ रचला. सारख्याच अक्षरसंख्येचे दोन शब्द घ्यायचे, एका वेळी एकच अक्षर बदलायचे, दरवेळी खराखुरा शब्द व्हायला हवा आणि असे करत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे. त्याचे एक कोडे होते डुकराला खोपटात घालण्याचे. ‘पिग’चे पहिले अक्षर बदलले की ‘विग’, म्हणजे केसांचा टोप. मधले बदलले की ‘वॅग’, शेपूट हलवणे. शेवटचे बदलले की ‘वे’, वाट. पुन्हा पहिले बदलले की ‘से’, बोलणे. आणि मधले बदलताच ‘स्टाय’, डुकराचे खोपट! 1879 च्या मार्चपासून ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात या खेळाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्याच वर्षी पुस्तकही निघाले. कोणता शब्द चालेल, कोणता नाही, यावरून वाद नको म्हणून शब्दांची यादीही त्याने जोडली.

त्याचा दुसरा खेळ म्हणजे नव्याने वापरलेले ‘मिशमॅश’. एकाने दोन किंवा अधिक अक्षरांचा गाभा द्यायचा, दुसऱ्याने तो ज्यात सलग येतो असा रोजच्या वापरातला शब्द शोधायचा. विशेषनाम चालायचे नाही. जी-पी दिले तर ‘मॅगपाय’ हा पक्षी. ई-एम-ओ दिले तर ‘लेमन’. आय-एम-एस-ई दिले तर साधा ‘हिमसेल्फ’. शब्द रोजचाच असतो, पण मधूनच पकडला की ओळखू येत नाही. डिसेंबर 1880 मध्ये त्याने रोजनिशीत एक कल्पना टिपली आहे, बुद्धिबळाच्या पटावर अक्षरे हलवून शब्द जुळवण्याची. स्क्रॅबल हे नाव जगाला मिळाले ते 1948 साली!

बोलण्यात अडणारा हा माणूस लिहिण्यात कुठेच अडला नाही. 1 जानेवारी 1861 पासून त्याने आल्या-गेल्या पत्रांची नोंदवही ठेवली. तिच्यातला शेवटचा क्रमांक 98,721. रात्री झोप येत नसे, म्हणून 1891 मध्ये अंधारात लिहिण्यासाठी त्याने चौकोनी भोके पाडलेली पट्टी आणि ठिपक्या-रेघांची लिपी तयार केली. 14 जानेवारी 1898 रोजी गिल्डफर्डला बहिणींच्या घरी न्यूमोनियाने तो गेला. सहासष्टी पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते.

त्याच्या अडखळण्यातूनच हे खेळ जन्मले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण शब्दशिडी सोडवताना मला दरवेळी वाटते की ही कल्पना सुचायला शब्द अडण्याचा अनुभव असावा लागतो. सरळ वाट बंद असली तर एक अक्षर बदलावे, थोडे वळून जावे, पण पोचावे.

2021 मध्ये पाच अक्षरांचा शब्द ओळखायचा वर्डल हा खेळ आला, तेव्हापासून माझी नात रोज तो सोडवते. अडली की मोबाईल घेऊन माझ्याकडे येते. आजोबांना एवढे शब्द कसे सुचतात, याचे तिला नवल वाटते. परवा तिला मी प्रथमच त्या हजेरीची गोष्ट सांगितली. सांगताना ‘प्रेझेंट’ म्हणायची वेळ आली, तेव्हा ओठ पुन्हा मिटले. ती हसली नाही. शब्द बाहेर येईपर्यंत माझ्याकडे पाहत शांतपणे थांबली.